न दिलेले आवाज

कान तपासणाऱ्या मुलीनं दार उघडलं, आत बसलेल्या बाईच्या कानांवरचे जाड काळे गोळे काढून घेतले आणि म्हणाली, "काकू, रागावू नका, पण शेवटच्या पाच वेळा मी आवाज दिलाच नव्हता. नुसतं बोट हलवलं."

आवाज ऐकू आला की दाबायचं ते बटण अजून तिच्या मुठीत होतं, आणि पाचही वेळा तिनं ते दाबलं होतं. त्या कोंदट खोलीला एक काच होती. काचेपलीकडे यंत्रापाशी मुलगी बसली होती आणि मुलीच्या मागं स्टीलचं कपाट होतं. कपाटाच्या चकचकीत दारात मुलीचं बोट अंधुक दिसत होतं. बोट खाली गेलं की जरा थांबून बटण दाबायचं. लगेच दाबलं तर संशय येतो. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. सोनाराकडे जाऊन येते असं घरी खोटं सांगून ती इथं आली होती ती खरं काय ते कळावं म्हणूनच. पण समोर कुणी परीक्षा घ्यायला बसलं की तिचं अंग आपोआप फसवायला लागे, थंडीत काटा यावा तसं. जन्मभर तिनं दुसरं केलं तरी काय होतं? डोळ्यांवर काळी पट्टी बांधून मंचावर बसायचं आणि तिकडे नवऱ्यानं लोकांच्या हातातून घेतलेली वस्तू इकडे ओळखून दाखवायची. लोकांना वाटे, बाई मनातलं वाचतात. बाई वाचत नसत. बाई ऐकत असत.

"आता माझ्याकडे पाठ करून बसा," मुलगी म्हणाली. ती पाठ करून बसली. समोर भिंतीला भोकाभोकांचा पांढरा पुठ्ठा होता. गोळे कानांवर आले, दार लागलं आणि ती वाट बघू लागली. पुठ्ठ्यावरची भोकं तिनं मोजायला घेतली. आपलंच रक्त कानाशी सळसळत होतं, दूर कुणी गोणपाट ओढत न्यावं तसं. मुलीला सुरू करायला उशीर का होतोय, असं तिला वाटलं. बहुतेक कुणीतरी आलं असेल. सात-आठ वेळा तिनं अंदाजानं बटण दाबलंही. मग दार उघडल्याचा वारा मानेला लागला.

"सुरू कधी करतेस?"

मुलीनं तिच्या समोर येऊन सांगितलं, "झालं, काकू."

उजवा कान गेल्यातच जमा होता. डावा निम्मा होता आणि तोही टिकेल याची खात्री नव्हती. मुलीनं कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि छोटंसं यंत्र डाव्या कानात बसवून बघा म्हणाली, आजकाल बाहेरून दिसतसुद्धा नाही. ती हसली. मुलीला वाटलं, काकूंनी मनावर घेतलेलं नाही. पण तिला दिसत होतं ते सभागृह. पहिल्या रांगेतलं एखादं आगाऊ माणूस उठून ओरडतंय, बाईंच्या कानात यंत्र आहे! मनातलं वाचणाऱ्या बाईच्या कानात यंत्र सापडलं की मग उरलं काय? आणि शपथ घेऊन सांगायचं तरी काय, की यंत्र फसवण्यासाठी नाही, मी खरंच बहिरी आहे? फसवणाऱ्याला एवढंच नडतं. खरं बोलायची वेळ आली की त्याच्याजवळ वेगळा आवाज नसतो.

दुपारचे बारा वाजले होते आणि चार वाजता एका कारखान्याच्या वार्षिक मेळाव्यात खेळ होता. ती चालत निघाली. रस्ता नेहमीसारखाच गजबजलेला होता, फक्त कुणीतरी त्याच्यावर जाड रजई टाकल्यासारखा. एक सायकलवाला तिला चाटून गेला आणि मान वळवून काहीतरी बोलला. त्याचं तोंड उघडलेलं, मिटलेलं दिसलं. घंटी वाजवली असणार त्यानं. कधीपासून अशा घंट्या वाजत होत्या? वर्ष झालं? दोन? तिनं स्वतःशी काय काय सबबी केल्या होत्या. हल्लीची माणसं पुटपुटतात. नव्या सभागृहांत आवाज घुमतो. नवरा म्हातारा होत चाललाय, शब्द खातो. सगळ्या जगाचं तोंड बिघडलं होतं आणि तिचा कान तेवढा शाबूत होता.

कान हाच तिचा मान होता. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला घोटून घोटून शिकवलं. बाबा आरशासमोर दाढी करत असायचे, ती मागं स्टुलावर पाठ करून बसलेली. "बरं, सांग," असं बाबा म्हणाले की घड्याळ. "आता सांग" म्हणजे अंगठी. "चल, सांग" म्हणजे किल्ली, "हं, सांग" म्हणजे चष्मा, "लवकर सांग" म्हणजे पेन. असे एकशे चाळीस शब्द होते. लोकांना वाटायचं बाप मुलीला घाई करतोय, लाडीगोडी लावतोय, रागावतोय; प्रत्यक्षात तो वस्तूंची नावं सांगत असे. अकरा वर्षं घालवून बाबांनी ती भाषा जुळवली होती. पण त्यापायी तिची रोजची भाषा मात्र बिघडली ती कायमची. "बरं, जेवून घे," असं कुणी म्हटलं की डोळ्यांपुढे घड्याळ यायचं. आई गेली तेव्हा शेजारची बाई तिला कुशीत घेऊन "आता रडू नकोस, आता रडू नकोस," म्हणत होती आणि तिला नुसत्या अंगठ्या दिसत होत्या, एकीमागून एक, आणि रडू येईना. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे एकाला सांगितलं होतं.

तो एक म्हणजे तेव्हाचा वैरी. ती एकवीस वर्षांची होती. एकाच गावात, एकाच महिन्यात, दोन सभागृहांत एकच खेळ लागला होता. इकडे बाप-लेक, तिकडे दोघे भाऊ. थोरला लोकांत फिरायचा, त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. धाकटा पट्टी बांधून मंचावर बसायचा. बाबांच्या जाहिरातीवर 'मूळ' असं छापलेलं, प्रोफेसरच्या जाहिरातीवर 'अस्सल'. सकाळी मूळवर अस्सल चिकटलेलं असायचं, संध्याकाळी अस्सलवर मूळ. बाबा प्रोफेसरला 'तो पोऱ्या' म्हणत आणि थुंकल्यासारखं म्हणत. तो पोऱ्या लागोपाठ तीन दिवस तिकीट काढून तिसऱ्या रांगेत येऊन बसला, हे तिला किंवा बाबांना ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी बाबांनी कुणाचं तरी घड्याळ उंच धरलं आणि ते "बरं, सांग," म्हणणार एवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक मोकळा, हसरा आवाज आला, "आता सांग की!" ती म्हणाली, "अंगठी." सगळं सभागृह खदखदून हसलं. बाबांनी घड्याळ परत केलं ते जपून, तान्ह्या मुलाला द्यावं तसं.

मागच्या दाराशी तो उभाच होता.

"का केलंत असं?" ती म्हणाली.

"बघायचं होतं, तुम्ही कुणाचं ऐकता. त्यांचं की माझं."

"चोर आहात तुम्ही."

"आहे ना. पण तीन दिवसांत चोरलं. तुमच्या वडिलांना जुळवायला किती लागले?"

"अकरा वर्षं."

"मग हुशार चोर म्हणा."

त्याचं थोबाड फोडावं असं वाटलं होतं. खोलीवर आल्यावर मात्र तिच्या ध्यानात आलं की एकवीस वर्षांत पहिल्यांदाच बाबांखेरीज दुसऱ्या कुणीतरी तिच्याशी तिच्या भाषेत बोललं होतं. तिच्या डोक्यात आतवर, जिथं एकट्या बाबांची ये-जा होती, तिथं एक परका माणूस न विचारता येऊन उभा राहिला होता आणि इकडेतिकडे बघत होता. तिला उघड्यावर पडल्यासारखं वाटलं, आणि तितकंच, कुणीतरी दिवा लावल्यासारखं.

सूड घ्यायचा म्हणून ती आठ दिवस त्याच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसली. त्याची भाषा शब्दांत नव्हती. तो अघळपघळ बोलायचा, विनोद करायचा, त्यात काहीच नसायचं. असायचं ते मधल्या थांबण्यात, किती श्वास थांबला त्यात. नवव्या दिवशी तिनं बरोबर त्या थांबण्यात खोकला काढला. भावानं रुमालाला छत्री म्हटलं. लोक हसले. प्रोफेसर रांगांच्या मधल्या वाटेत उभा होता. त्यानं शेवटच्या रांगेकडे वळून, सगळ्यांदेखत, कमरेत वाकून तिला नमस्कार केला. ती हरली ती त्या क्षणी.

दोघांच्या जाहिराती एकाच छापखान्यात छापल्या जात. मग जाहिराती आणायला तीच जाऊ लागली आणि तोच येऊ लागला. कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांवर दोघं बसत. यंत्राच्या खडखडाटात काही बोललेलं कळत नसे, तरी बोलत. शाईनं दोघांची बोटं काळी व्हायची. आईची आणि अंगठ्यांची गोष्ट तिनं त्याला तिथंच, यंत्र थांबलं तेव्हा, सांगितली. काळी बोटं कागदाला पुसत तो म्हणाला, "मी तुला 'आता' असं कधी म्हणणार नाही." ती चाट पडली. असं वचन जगात कुणी कुणाला दिलं नसेल. ते त्यानं पाळलंही, म्हणजे खेळापुरतं सोडून.

बाबांना दोघांचं कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "तू त्याला सांगितलंस," ते म्हणाले.

"नाही हो बाबा. त्यानं त्याचं ओळखलं."

"ते ओळखता येत नाही. मी केलंय ते."

बाबा असे बघत होते की तिला एकदम सगळं दिसलं. मुलगी खरं बोलत असेल, तर अकरा वर्षांची भाषा एका पोऱ्यानं तीन दिवसांत फोडली होती. मुलगी फितूर असेल, तर भाषा तरी अभंग होती. दोनातलं एक बाबांना ठेवायचं होतं. ती म्हणाली, "हो. मी सांगितलं." बाबांनी मान हलवली, जवळजवळ समाधानानं, आणि पुन्हा तिला घरात घेतलं नाही. प्रोफेसरला तिनं हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "छान केलंस." कुणासाठी छान, ते तिनं विचारलं नाही. पुढं लग्न करून दोघांनी आपापल्या भाषा एक केल्या, शब्द तिचे आणि थांबणं त्याचं, आणि त्यांच्या तोडीचं कुणी राहिलं नाही. बाबा एकटे पत्त्यांचे खेळ करत राहिले. शेवटी आजारी पडले तेव्हा ती गेली. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "लवकर." तिनं धावत जाऊन पेन आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांना श्वास मिळत नव्हता. ते पेनाकडे बघत राहिले.

घराच्या वळणावर ती थांबली. एक गोष्ट इतका वेळ तिच्या मागून चालत होती, ती आता पुढं येऊन उभी राहिली. गेल्या वर्षभरातले खेळ. घड्याळ, अंगठी, किल्ली, चष्मा, पेन. प्रत्येक खेळात याच पाच वस्तू होत्या आणि याच क्रमानं. एकशे चाळीस शब्द होते, वर थांबण्याचे निराळे, आणि नवरा लोकांच्या गर्दीतून पाचच वस्तू उचलत होता. तिनं मनाची समजूत घातली होती की हल्ली लोकांच्या खिशात दुसरं असतं काय. म्हणजे ती ऐकत नव्हतीच. वर्षभर ती पाठ म्हणत होती. आणि त्याला हे माहीत होतं. माहीत असून तो काही बोलला नव्हता, जशी तीही त्याला काही बोलली नव्हती.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत नवरा तिच्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या पलीकडे, दाराकडे तोंड करून, खुर्चीत तिची जाऊ बसली होती. दीर वारल्यापासून जाऊ दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवून दिवस काढत होती; खेळाचे कपडेही तीच शिवायची. जाड, हसरी, नाकासमोर चालणारी बाई. जावेचे डोळे मिटलेले होते. नवऱ्याचे खांदे जरा वर झाले आणि जावेचे ओठ हलले. घड्याळ. पुन्हा खांदे, पुन्हा ओठ. पुस्तक. पुस्तक! एकशे चाळिसांतलं. मग कात्री. जावेला ते शब्द शिवणासारखे नीट येत होते. तिनं काही ऐकलं नाही, पण बाबांचा प्रत्येक शब्द तिला दुसऱ्या बाईच्या तोंडात दिसत होता.

जावेनं डोळे उघडले आणि दचकली. "अगं बाई! वहिनी, केव्हा आलात?"

नवरा वळला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तीस वर्षं कमावलेलं ते काहीच नसणं. "हिला जरा गंमत दाखवत होतो," तो म्हणाला, तोंड पुरतं तिच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून. हल्ली तो असाच बोलायचा. तिला वाटायचं, वयानं माया वाढली. "सोनारानं काय सांगितलं?"

"दोन दिवसांनी ये म्हणाला."

"जेवून घे. निघायचंय."

ती जेवली. जावेनं तिला आग्रह करून वाढलं आणि भांडीही तीच घासत बसली. जावेच्या पाठीकडे बघताना तिच्या मनात राग शोधूनही सापडेना. राग यायला आधी काहीतरी ऐकू यावं लागतं.

कारखान्याचं सभागृह मोठं होतं, चारशे तरी माणूस असेल. मंच लाकडी होता आणि नवा होता; पायाखाली फळ्या लवत होत्या. नवऱ्यानं तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, नेहमीसारखी, केस अडकू न देता. त्याची बोटं कानामागून गेली तेव्हा किंचित थबकली असं तिला वाटलं. मग तो पायऱ्या उतरून गेला आणि ती एकटी उरली. काळोख होता आणि त्या काळोखात रक्ताचं गोणपाट कुणीतरी ओढत होतं. मधेच डाव्या बाजूला एक गुणगुण उठली, तो त्याचा आवाज असावा. ती थांबली, आणि म्हणाली, "घड्याळ." फळ्या थरथरल्या. टाळ्या. "अंगठी." फळ्या थरथरल्या. किती सोपं होतं! असं मरेपर्यंत चाललं असतं. किंवा जावेची तयारी होईपर्यंत. ते आणखी दोन महिने असतील, चार असतील. मग एका सकाळी तो म्हणाला असता, तू आता दमतेस. आणि ते तिला ओठांवरून वाचावं लागलं असतं.

तिसरी वस्तू आली. तिनं तोंड उघडलंच नाही. किल्ली म्हणायचं होतं. तिला वाटलं, आता तरी तो दुसरं काही करील. मोठ्यानं बोलेल, जवळ येईल, काहीतरी खरं करील. काळोखात वेळ पसरत गेला. फळ्या निपचित होत्या. तिनं हात मागं नेले, गाठ सोडली आणि पट्टी मांडीवर ठेवली. उजेडात चारशे तोंडं तिच्याकडे लागलेली. मधल्या वाटेत नवरा किल्ली उंच धरून उभा.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. किती मोठ्यानं म्हणाली ते तिला समजलं नाही.

त्याचा चेहरा तिनं पाहिला. कमावलेलं सगळं त्याच्या तोंडावरून उतरलं होतं आणि आतून एक घाबरलेला, थकलेला, तिचा माणूस बाहेर आला होता. क्षणभरच. मग त्यानं मान उडवली, हात पसरले आणि लोकांकडे वळून बोलू लागला. तिला त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते. ऐकलंत? बाईंना ऐकू येत नाही! गेलं वर्षभर येत नाही. लोक म्हणतात आम्ही बोलण्यातून खुणा करतो. मग बाई ओळखतात कशा? आता मी एक शब्द बोलणार नाही. आणि त्यानं आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

चारशे तोंडांवर ती गोष्ट पसरताना तिनं पाहिली. पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मागची माणसं उभी राहिली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मंचावर खरं सांगितलं होतं आणि ते आतापर्यंतच्या कुठल्याही बनावापेक्षा चांगलं चाललं होतं. त्यानं पुन्हा चोरलं होतं, या वेळी तीन दिवससुद्धा न लावता. की सावरलं होतं? तिची लाज राखली होती का खेळाची? त्याला तरी ते वेगळं करता आलं असतं का? तो किल्ली धरून उभा होता आणि तिच्याकडे बघून, अगदी बारीक, डोळ्यांनी विनवत होता. तिच्या हातांनी पट्टी उचलली. तिनं ती स्वतःच बांधली.

"किल्ली," ती म्हणाली.

फळ्या अशा हादरल्या की खुर्ची सरकली. चष्मा. पेन. तिच्या पोटऱ्यांतून, मांड्यांतून टाळ्या वर चढत होत्या. एवढ्या टाळ्या त्यांना कधीच पडल्या नव्हत्या.

कपडे बदलायच्या खोलीत कारखान्याचा माणूस येऊन तिचा हात हातात घेऊन गेला. त्यानं कानाकडे बोट करून हळहळल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या वर्षाचं बोलणं नवऱ्याशी केलं. मग दोघंच राहिली. नवरा टेबलाशी तिच्याकडे पाठ करून सामान पेटीत भरत होता. ती भिंतीशी बाकावर बसली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आरसाही नव्हता.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

त्याचे हात थांबले. तो वळला नाही. त्याचे खांदे किंचित वर झाले आणि तो बोलू लागला. बोलतोय हे मानेवरून कळत होतं, कानामागच्या शिरेवरून. तो बराच वेळ बोलला. मधे एकदा त्यानं काळ्या कापडाची घडी मोडून पुन्हा घातली. एकदा त्याचं डोकं खाली गेलं आणि पाठ थरथरली, हसण्यानं की कशानं ते तिला समजेना. एवढं सलग तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. तिला ऐकू येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो बोलत होता. उठून त्याच्या पुढं जाऊन उभं राहायला तिला चार पावलं पुरली असती. ती बाकावर हात टेकून बसून राहिली आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली, तो थांबेपर्यंत.

मग तो वळला. त्याचे डोळे लाल होते.

"ऐकलंस?" त्याचे ओठ म्हणाले.

"हो," ती म्हणाली.